केकखाली फोम बोर्ड: कितपत भरवशाचा?

चित्रे चिकटवण्यासाठी, वास्तूंच्या प्रतिकृती करण्यासाठी आणि प्रदर्शनांतील फलकांसाठी जो पांढरा फोम बोर्ड मिळतो, तो मी गेली चार वर्षे सजवलेल्या केकखाली वापरते आहे. त्याआधी मी फॉइल लावलेले तयार, जाड केक बोर्ड वापरत असे. त्यांच्याविषयी माझी तक्रार एवढीच होती की ते ठरावीक मापांत आणि मोजक्या रंगांत मिळतात, आणि षटकोनी, पानाच्या आकाराचा किंवा दोन केक शेजारी शेजारी मावतील असा लांबट बोर्ड हवा असेल तर त्यांचा काही उपयोग होत नाही. फोम बोर्ड ही अडचण दूर करतो. मात्र तो मुळात केकसाठी बनवलेला नाही, आणि हे विसरणाऱ्याला तो कधी ना कधी तोंडघशी पाडतो.

वस्तू नेमकी कोणती, हे आधी स्पष्ट करायला हवे, कारण ‘फोम बोर्ड’ या एकाच नावाने दोन अगदी वेगळे प्रकार विकले जातात. एक म्हणजे पॉलिस्टायरीनच्या हलक्या फोमला दोन्ही बाजूंनी गुळगुळीत कागद चिकटवून केलेला बोर्ड. दुसरा म्हणजे पीव्हीसीचा, एकजीव, कागद नसलेला आणि हाताला बराच जड लागणारा बोर्ड. मी लिहिते आहे ते पहिल्याविषयी. तो ३, ५ आणि १० मिमी जाडीत मिळतो, आणि त्यांतला ५ मिमीचा सर्वांत सहज हाती लागतो. ५० × ७० सेमीच्या एका शीटमधून २३ सेमी व्यासाच्या सहा चकत्या निघतात, किंवा ३५ सेमीच्या दोन. त्यामुळे एक शीट आणून ठेवली की बरेच दिवस निभावते.

या बोर्डाविषयी एक गैरसमज मला सुरुवातीला होता आणि तो दूर झाल्यावर माझे निम्मे प्रश्न सुटले. बोर्डाची ताकद फोममध्ये असते असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती कागदात असते. उरलेल्या तुकड्यातून ३ सेमी रुंदीची एक पट्टी कापावी, तिच्या एका बाजूचा कागद किंचित ओला करून सोलून काढावा, सोललेली बाजू खाली करून ती दोन पुस्तकांवर आडवी ठेवावी आणि मधोमध बोटाने दाबावे. पट्टी काडकन मोडते. दोन्ही कागद शाबूत असलेली तेवढीच पट्टी तेवढ्याच दाबाला जराशी वाकते आणि पुन्हा सरळ होते. खालचा कागद ताण सोसतो, वरचा कागद दाब सोसतो, आणि मधला फोम त्या दोघांना एकमेकांपासून दूर धरून ठेवतो, एवढेच त्याचे काम. एकदा हे कळले की कापताना कागद फाटू न देणे आणि मढवताना कागदाला ओल लागू न देणे यांपलीकडे फारसे काही शिकायचे उरत नाही. बोर्ड मढवायचा तो दिसायला चांगला दिसावा म्हणून, असे मला आधी वाटत असे. आता मी त्याला बोर्डाचा रेनकोट समजते.

कापण्यातच बहुतेकांचा धीर सुटतो, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहिते. कात्रीने हा बोर्ड कापू नये, कारण कात्री फोमला कापण्याआधी चेपते आणि कड कायमची दबलेली राहते. दातेरी सुरीने फोमचे कण घरभर उडतात. चांगले काम होते ते पाते मोडून पुढे सरकवता येणाऱ्या साध्या कटरने, आणि त्यातही १८ मिमीच्या रुंद पात्यापेक्षा ९ मिमीच्या अरुंद पात्याने. रुंद पाते जाड असते, ते फोमला बाजूला ढकलत पुढे जाते. अरुंद पाते त्यात सुरळीत शिरते. पात्याच्या धारेबाबत मात्र कंजुषी करता येत नाही. मी दर दोन चकत्यांनंतर टोकाचा तुकडा मोडून टाकते. धार गेली आहे हे डोळ्यांना दिसण्याआधी कानांना कळते: धारदार पाते जवळजवळ आवाज न करता जाते, आणि बोथट झाले की फोममधून कुरकुर असा दाताला झिणझिण्या आणणारा आवाज येऊ लागतो. तो आवाज आल्यावरही ‘एवढी एक ओढून घेऊ’ म्हणून पुढे गेले की फोमचा कोपरा उचकटून खळगा पडलाच म्हणून समजावे.

एका दमात आरपार कापण्याचा मोह आवरून कापणी तीन वेळा करावी लागते. पहिल्या फेरीत फक्त वरचा कागद कापायचा, दुसरीत फोम, आणि तिसरीत खालचा कागद. पहिली फेरी हलक्या हाताने पण अचूक व्हायला हवी, कारण पुढच्या दोन्ही फेऱ्यांना तीच वाट दाखवते. कटर उभा न धरता बोर्डाकडे कलता धरला की पात्याची जास्त लांबी फोममध्ये राहते आणि कड स्वच्छ येते. सरळ रेषांसाठी पोलादी पट्टी वापरावी. प्लास्टिकच्या पट्टीची कड पाते हळूहळू खात जाते आणि मग सगळ्या रेषा किंचित वाकड्या येऊ लागतात, हे कळायला मला दोन चौकोनी बोर्ड वाया घालवावे लागले. खाली कटिंग मॅट नसेल तर जाड पुठ्ठा चालतो, पण तो सपाट हवा, नाहीतर तिसऱ्या फेरीत खालचा कागद कापला न जाता फाटतो.

गोल चकती कापण्यासाठी मी जी युक्ती वापरते, तिच्यासाठी लागणारे साधन प्रत्येक केक करणाऱ्याकडे असतेच. बोर्डाचा चौकोनी तुकडा टर्नटेबलवर (केक सजवताना फिरवायच्या गोल पाटावर) मध्य जुळवून दुहेरी चिकटपट्टीने पक्का करायचा, कंपासने वर्तुळ आखायचे, कटर धरलेला हात टेबलाला टेकवून स्थिर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने टर्नटेबल सावकाश फिरवायचे. हात वर्तुळाभोवती फिरवण्यापेक्षा वर्तुळ हाताखालून फिरवणे कितीतरी सोपे जाते. पहिली फेरी अशी झाली की चौकोनाचे चारही कोपरे तिरके कापून टाकायचे, म्हणजे पुढच्या फेऱ्यांत बाजूचा बोर्ड पात्याला अडवत नाही. एवढे करूनही सुरुवातीला एक दोष येतोच: हात नकळत आत किंवा बाहेर झुकतो आणि चकतीचा वरचा आणि खालचा व्यास २-३ मिमीने वेगळा येतो. एकट्या चकतीला हे खपून जाते, पण दोन चकत्या एकमेकींवर चिकटवल्या की कडेला पायरी दिसते. तेव्हा दोन्ही चकत्यांचे पसरट तोंड मध्ये घेऊन त्या चिकटवाव्यात आणि मग लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेल्या बारीक पॉलिश पेपरने कड घासावी. घासताना हात नेहमी कागदाकडून फोमकडे जावा. उलट दिशेने घासले की कागदाची किनार उचलली जाते.

घासल्यावर पडणारा भुगा ही या बोर्डाची सर्वांत त्रासदायक बाब आहे. तो स्थिर विद्युतभाराने हाताला, बाह्यांना, ओट्याला चिकटतो आणि झटकला की दुसरीकडे जाऊन बसतो. पांढऱ्या फाँडंटवर (केकवर लाटून घालायच्या साखरेच्या आवरणावर) तो दिसतही नाही, आणि हेच जास्त वाईट. म्हणून कापणे आणि घासणे हे काम मी केक भाजण्याच्या आदल्या दिवशी, स्वयंपाकघराबाहेर, करते आणि तयार चकत्या घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून घेते. गरम तारेने फोम कापणारे यंत्र मी वापरून पाहिले. ते नुसत्या फोमसाठी उत्तम आहे, पण या बोर्डाचा कागद तारेने नीट कापला जात नाही आणि वितळणाऱ्या पॉलिस्टायरीनचा धूर अन्न शिजते त्या जागी कोणालाच नको असतो.

आता जाडी. ५ मिमीचा एकच थर लहान केकला पुरतो, पण ३० सेमीच्या एकेरी बोर्डावर तीन किलोंचा केक ठेवून तो कडांना धरून उचलला की मध्ये स्पष्ट बाक येतो. बटरक्रीम, म्हणजे लोणी आणि साखर फेटून केलेले मऊ आवरण, हा बाक एक वेळ सहन करते. वाळून कडक होत आलेले फाँडंट करत नाही. त्याला खालच्या कडेपासून भेग जाते. दोन थर नुसते एकावर एक ठेवल्याने काम भागत नाही, कारण वाकताना ते एकमेकांवर घसरतात. चिकटवल्यावर मात्र दोन थरांची मिळून ताकद दुपटीहून बरीच जास्त होते. पन्हळी पुठ्ठ्याचे थर चिकटवताना पन्हळ्या एकमेकींना आडव्या ठेवाव्या लागतात; फोमला अशी दिशा नसल्यामुळे ती काळजी इथे नाही. चिकटवण्यासाठी पाण्यात मिसळणारा पांढरा गोंद पातळ पसरून लावावा आणि वर पुस्तकांचे वजन ठेवून पूर्ण २४ तास थांबावे. दोन कागदांच्या मध्ये अडकलेले पाणी बाहेर पडायला फक्त कडाच असतात, त्यामुळे गोंद जास्त झाला तर तो दुसऱ्या दिवशीही ओलाच सापडतो.

घाईच्या एका प्रसंगी मी पांढऱ्या गोंदाऐवजी फवाऱ्याचा गोंद वापरला होता. कागदावर तो छान बसला, पण कडेने जिथे फोम उघडा होता तिथे फवारा लागला आणि दहा मिनिटांत त्या कडेला किडीने खाल्ल्यासारखी भोके पडली. पॉलिस्टायरीन ॲसिटोनसारख्या द्रावकांत विरघळते, आणि अशा अनेक गोंदांत द्रावक असतातच. नेलपॉलिश काढण्याच्या द्रवानेही हेच होते, तेव्हा बोर्डावरचा पेनाचा डाग त्याने पुसण्याची बुद्धी कोणाला झाली तर ती आवरावी. गरम गोंदाची बंदूक वापरायची असेल तर कमी तापमानाची घ्यावी आणि गोंद कागदावरच लावावा. पॉलिस्टायरीन १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते आणि बंदुकीतला गोंद त्याहून गरम असतो.

मढवण्यासाठी मी जे जे वापरून पाहिले त्यांत केकसाठीच मिळणारे, उठावदार नक्षीचे जाड फॉइल मला सर्वांत समाधानकारक वाटले. नक्षीमुळे लहानसहान सुरकुत्या लपतात, आणि चरबी किंवा ओल त्यातून आत जात नाही. गुळगुळीत आरशासारखे फॉइल दिसते देखणे, पण फोममधला बारीकसा खळगाही त्यावर उठून दिसतो. भेटवस्तूंवर गुंडाळायचा कागद मी दोन वेळा वापरला आणि सोडून दिला; बटरक्रीमचा स्निग्धांश त्यातून तासाभरात झिरपतो आणि केकभोवती काळपट वलय उमटते. मागे गोंद असलेले व्हिनाइल लावायला सोपे आणि पुसायलाही सोपे असते, पण ते खाद्यपदार्थाला लागण्यासाठी बनवलेले नसते.

गोल बोर्ड मढवताना फॉइल बोर्डाच्या व्यासापेक्षा सगळीकडून ४-५ सेमी मोठे कापावे. बोर्ड त्यावर पालथा ठेवून, बाहेर राहिलेल्या पट्ट्याला दर २ सेमीवर काप द्यावेत. मात्र काप बोर्डाच्या कडेपर्यंत नेऊ नयेत. बोर्ड १० मिमी जाड असेल तर काप कडेपासून १२ मिमी अलीकडेच थांबायला हवेत, नाहीतर कड झाकली जाण्याऐवजी कापांमधून पांढरा फोम डोकावतो. पहिल्यांदा मी काप अगदी कडेला भिडवले होते आणि मग ती चूक रिबनखाली लपवली. दुमडताना एका टोकापासून गोल फिरत जाऊ नये. भरतकामाच्या रिंगात कापड ताणतात तसे समोरासमोरच्या जागा घ्याव्यात, म्हणजे घड्याळाच्या भाषेत १२ नंतर ६, मग ३ आणि ९, आणि त्यानंतर मधल्या. सलग फिरत गेले की शेवटी जमा झालेली सगळी सैल घडी एकाच जागी येते. चौकोनी बोर्डाचे त्या मानाने काहीच नाही, कोपऱ्यांच्या घड्या नीट घातल्या की झाले.

मागची बाजू उघडी सोडणे ही माझी सर्वांत महागात पडलेली चूक. एका मोठ्या केकसाठी मी बोर्डाची वरची बाजू फॉइलने सुरेख मढवली आणि खाली नुसता कागद राहू दिला, कारण तो कोणाला दिसणार नव्हता. केक रात्रभर फ्रिजमध्ये होता आणि फळीवर साचलेले पाणी त्या कागदाने शांतपणे पिऊन घेतले. सकाळी उचलताना बोर्डाचा मध्य बोटभर खाली गेला, आणि फाँडंटवर खालपासून अर्ध्यापर्यंत तिरकी भेग उमटली. त्या भेगेवर साखरेची फुले लावून वेळ मारून नेली. ज्यांनी केक घेतला त्यांना फुलांची ती वेल फार आवडली, हे ऐकताना मला कसेतरीच झाले. तेव्हापासून बोर्डापेक्षा २ सेमी लहान फॉइलची चकती मागच्या घड्यांवर चिकटवल्याशिवाय मी बोर्ड तयार झाला असे मानत नाही. याचा आणखी एक फायदा आहे. एकाच बाजूला ओला गोंद लागला की वाळताना ती बाजू आकसते आणि बोर्ड वाटीसारखा वळतो. दोन्ही बाजूंना गोंद लागला आणि वर वजन ठेवले तर तो सपाट राहतो.

बोर्डावर फाँडंटचे पातळ आवरण घालायचे असेल तर तेही आधी फॉइल लावून त्यावरच घालावे. फॉइलवर पाण्याचा अगदी हलका हात फिरवून ३ मिमी जाडीचे फाँडंट बसवले आणि दोन दिवस उघड्यावर वाळू दिले की त्यावर बोटांचे ठसे उठत नाहीत.

अन्नाशी संबंध आला की या बोर्डाची मर्यादा मान्य करावी लागते. तो लेखनसाहित्याच्या दुकानातला माल आहे. त्यावर केक थेट ठेवावा असे कोणी बनवणारा सुचवत नाही. फॉइल लावल्यावर हा प्रश्न मिटला असे वाटते, पण केक शेवटी कापला जातो, आणि कापणाऱ्याची सुरी बोर्डापर्यंत पोहोचून फॉइल चिरतेच. त्या चिरेतून निघालेला फोमचा कण कोणाच्या तरी तुकड्याबरोबर पानात जाऊ शकतो. म्हणून माझ्याकडचा प्रत्येक केक आधी त्याच्याच मापाच्या, खाद्यपदार्थांसाठी बनवलेल्या पातळ केक कार्डावर बसतो, आणि ते कार्ड मढवलेल्या फोम बोर्डावर थोड्याशा रॉयल आयसिंगने (वाळून कडक होणाऱ्या साखरेच्या लेपाने) चिकटवलेले असते. सुरी कार्डावर थांबते.

दोन मजली केकमध्ये मधल्या आधारासाठी फोम बोर्ड वापरणारे बरेच जण आहेत आणि त्याचे कारण पटण्यासारखे आहे: टोकदार केलेला लाकडी डॉवेल (मजल्यांना आधार देणारी गोल काठी) हलक्या हातोडीने ठोकला की तो बोर्डातून सहज पार होतो. पण पार होताना तो फोमचे कण खालच्या मजल्यात घेऊन जातो. मी मधल्या चकतीला मधोमध भोक आधीच पाडून, कडा घासून, पुसून, मग तिला खाद्यपदार्थांच्या प्लास्टिक फिल्ममध्ये गुंडाळते आणि भोकावरची फिल्म कापून कडा मागे चिकटवते. यात वेळ जातो, आणि खरे सांगायचे तर मजल्यांच्या मध्ये मी आता साधे केक कार्डच अधिक वेळा वापरते.

कडेच्या रिबनबद्दल एवढेच की ५ मिमीचे तीन थर चिकटवले तर बरोबर १५ मिमीची कड मिळते आणि १५ मिमीची रिबन तिच्यावर काटेकोर बसते. दोन थरांच्या बोर्डाला तीच रिबन लावली तर ती वर किंवा खाली डोकावते. तिथे १० मिमीची रिबन शोधावी. रिबन टाचणीने टोचू नये, केकच्या इतक्या जवळ टाचणी असूच नये. दुहेरी चिकटपट्टी पुरते. बोर्डाखाली उरलेल्या तुकड्यांचे चार लहान पाय चिकटवले तर टेबलावरून उचलताना बोटे खाली जातात आणि कडेचे फॉइल नखांनी खरवडले जात नाही.

परत आलेला बोर्ड मी पुन्हा केकखाली वापरत नाही. कागदावर सुरीचा काप गेलेला असतो, आणि कागदाला काप गेलेला बोर्ड दिसायला कितीही नीट असला तरी त्याच रेषेवर मोडतो. कागद आणि फोम एकमेकांना चिकटलेले असल्यामुळे तो पुनर्वापरासाठी देणेही कठीण जाते. या बाबतीत साधा पुठ्ठा किंवा धुऊन पुन्हा वापरता येणारी लाकडी फळी उजवी ठरते.

आजघडीला माझा हिशेब असा आहे: दीड किलोपर्यंतच्या लहान केकला ५ मिमीचा एक थर, तीन-साडेतीन किलोंपर्यंत दोन थर, सहा किलोंपर्यंत तीन थर, आणि बोर्ड केकपेक्षा प्रत्येक बाजूने ५ सेमी मोठा. आकार वेगळा हवा असेल, कापण्याला एक संध्याकाळ देता येत असेल आणि केक हातात धरून फार लांब न्यायचा नसेल, तर फोम बोर्डासारखी सोय दुसरी नाही. सहा किलोंच्या पुढे गेले की मी त्याच्या वाटेला जात नाही. सुताराकडून प्लायवूड कापून आणते आणि फॉइल तेवढे तसेच लावते.